पी९-२२ या पिनवर या क्षणी नेमके कोण आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीतील एका उद्योगासाठी तुम्ही बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणक-बोर्डावर एक नोंदपेटी तयार करत आहात, आणि ती थंड माल वाहून नेणाऱ्या गाड्यांवर बसणार आहे. जीपीएसचे कार्ड यूएआरटी २ या सिरीयल जोडणीवर आहे, तापमान मोजणाऱ्या एडीसीचे (व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या चिपचे) कार्ड एसपीआय ० या क्लॉकवर चालणाऱ्या जोडणीवर आहे. दोन्ही कार्डे वेगवेगळी तपासली तेव्हा व्यवस्थित चालली, पण एकावर एक बसवून दोन्हींच्या स्क्रिप्ट चालवल्यावर जीपीएस मुके झाले. सिरीयल पोर्ट उघडतो, कर्नलच्या लॉगमध्ये एकही तक्रार दिसत नाही आणि तरीही एक अक्षरसुद्धा येत नाही. पुढे याच पेटीत शीतयंत्राच्या नियंत्रकाशी बोलण्यासाठी आरएस-४८५ आणि गाडीशी बोलण्यासाठी सीएएन घालायचे आहे. हे सारे या बोर्डावर मावेल का, की रास्पबेरी पाय हा दुसरा बोर्ड घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

काहीही करण्याआधी दोन्ही कार्डे वेगळी करा. तुमच्या जोडणीत जीपीएसचा पाठवणारा पाय आणि प्रोसेसरने बाहेर सोडलेले एसपीआयचे क्लॉक ही दोन आउटपुट पी९-२२ या एकाच पिनवर (पी९ या हेडरच्या, म्हणजे बोर्डावरील छिद्रांच्या पट्टीच्या, २२ व्या छिद्रावर) समोरासमोर उभी आहेत. एक ३.३ व्होल्टकडे ओढते आणि त्याच वेळी दुसरे शून्याकडे ओढते. अशा स्थितीत एडीसीचे आकडेही अधूनमधून भलतेच येत असतील, आणि बराच काळ असेच चालू राहिले तर प्रोसेसरचा तो पाय कायमचा जाऊ शकतो. प्रयोगाच्या काळात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक सिग्नलच्या मार्गात १ किलोओहमचा रेझिस्टर ठेवण्याची सवय मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या सर्वांना लावतो. दोन आउटपुट भिडली तरी प्रवाह ३.३ मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही, आणि ९६०० बॉडच्या जीपीएसला त्या रेझिस्टरचा काहीही त्रास होत नाही. पुण्यातील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, हा रेझिस्टर अगदी किरकोळ किमतीत मिळतो.

आता कारणाकडे वळू. बीगलबोन ब्लॅकवरील एएम३३५८ या प्रोसेसरच्या पोटात ६ यूएआरटी, ३ आय२सी, २ एसपीआय, २ सीएएन, पीडब्ल्यूएम, एलसीडी नियंत्रक, मेमरी कार्डाचे नियंत्रक आणि आणखी बरेच काही आहे. या साऱ्यांचे सिग्नल वेगवेगळ्या पायांवर काढायचे ठरवले असते तर त्या चिपला आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त पाय लागले असते. प्रत्यक्षात १५ मिलिमीटर चौरस आवरणाखाली ३२४ पाय बसवले आहेत, आणि त्यांतलेही पुष्कळसे वीजपुरवठा, ग्राउंड आणि डीडीआर मेमरी यांच्याकडे जातात. म्हणून बहुतेक सिग्नल-पायांच्या आत, म्हणजे पॅडपाशी, एक निवडक ठेवलेला असतो. तो त्या पायाला आतल्या जास्तीत जास्त ८ जोडण्यांपैकी एकीशी जोडतो. या जोडण्यांना मोड ० ते मोड ७ म्हणतात, आणि मोड ७ म्हणजे साधा जीपीआयओ, म्हणजे प्रोग्रॅमने थेट वाचता किंवा वर-खाली करता येणारी पिन. पुणे स्थानकाबाहेर रुळांचे सांधे असतात, तसाच हा सांधा आहे. फलाट एकच असतो, आणि सांधा मिरजेच्या मार्गाला लावलेला असेल तर लोणावळ्याहून आलेली गाडी पूर्णपणे सुस्थितीत असूनही बाहेरच उभी राहते. तुमचा यूएआरटी २ असाच बाहेर उभा आहे. त्याचा ड्रायव्हर चालू आहे, त्याला क्लॉक मिळते आहे, पोर्ट उघडतो आहे, पण फलाटावर त्याची गाडी लागत नाही.

प्रत्येक पॅडसाठी प्रोसेसरच्या कंट्रोल मॉड्यूलमध्ये एक रजिस्टर असते. पी९-२२ या छिद्राखाली जो पाय येतो त्याचे रजिस्टर हेक्स ९५० या ऑफसेटवर आहे, आणि त्यातील ७ बिट आपल्या कामाचे आहेत. तळचे ३ बिट मोड ठरवतात. बिट ३ आतला पुल-रेझिस्टर (पिनला वर किंवा खाली हलके ओढून ठेवणारा) चालू ठेवायचा की बंद हे सांगतो. येथे ० म्हणजे चालू, आणि ही उलटी रीत अनेकांना फसवते. बिट ४ पुल वरच्या बाजूला की खालच्या, हे ठरवतो. बिट ५ इनपुटचा बफर उघडतो, आणि बिट ६ सिग्नलच्या चढउताराचा वेग कमी करतो. पी९-२२ वर मोड ० म्हणजे एसपीआय ० चे क्लॉक, मोड १ म्हणजे यूएआरटी २ चे ग्रहण, मोड २ म्हणजे आय२सी २ चा डेटा, मोड ३ म्हणजे एक पीडब्ल्यूएम आणि मोड ७ म्हणजे जीपीआयओ. आता जीपीएससाठी काय हवे ते मांडून पाहा: मोड १, पुल वरच्या बाजूला, इनपुट उघडे. हेक्समध्ये ही किंमत ३१ होते. एसपीआयच्या क्लॉकसाठी हेच मोड ० सह मांडले की किंमत ३० होते. तुमचे जीपीएस बोलणे आणि मुके होणे यांत अवघ्या एका बिटाचा फरक आहे, आणि तो बिट दुसऱ्या कार्डाच्या स्क्रिप्टने पुसला आहे.

एसपीआयचे क्लॉक हे आउटपुट असताना त्याचे इनपुट का उघडायचे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. या प्रोसेसरमधील एसपीआयचा विभाग स्वतः बाहेर पाठवलेले क्लॉक पॅडवरून परत आत घेतो आणि त्याच्याच आधारे येणारा डेटा टिपतो. बिट ५ बंद ठेवला तर ऑसिलोस्कोपवर क्लॉक सुरेख दिसते, एडीसी उत्तरही देते, आणि वाचलेली किंमत मात्र चुकीचीच येते. या एका बिटापायी लोक आठवडाभर एडीसीची चिप बदलत बसलेले मी पाहिले आहेत.

मग कर्नलने तक्रार का केली नाही? लिनक्समध्ये पिनकंट्रोल नावाची एक व्यवस्था आहे, आणि कोणती पिन कोणत्या उपकरणाने मागितली याची नोंदवही ती सांभाळते. एका उपकरणाने घेतलेली पिन दुसऱ्याने मागितली तर ती मागणी नाकारली जाते, दुसरा ड्रायव्हर उणे २२ या त्रुटीसह थांबतो आणि लॉगमध्ये पिन आधीच कोणाकडे आहे हे स्पष्ट लिहिले जाते. परंतु बीगलबोनच्या डेबियनमध्ये ‘केप युनिव्हर्सल’ ही सोय चालू असते, तेव्हा हेडरवरील मोकळ्या पिनांची मालकी एका मदतनीस ड्रायव्हरकडे जाते. तुमची ‘कॉन्फिग-पिन’ ही आज्ञा त्या मदतनीसाला पिनचा मोड बदलायला सांगते. नोंदवहीत मालक एकच असल्यामुळे तंटा दिसतच नाही, आणि ज्याची स्क्रिप्ट शेवटी चालली त्याचा मोड लागू होतो. प्रयोगशाळेत ही सोय फार उपयोगी आहे, पण गाडीवर बसणाऱ्या पेटीत ती ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

याची खात्री पाच मिनिटांत करता येते. कर्नलची आतली स्थिती फाईलरूपात दाखवणाऱ्या डीबगएफएसमध्ये पिनकंट्रोलचे फोल्डर असते. त्यातील ‘पिन्स’ या फाईलमध्ये प्रत्येक पॅडची रजिस्टरमधील किंमत दिसते आणि ‘पिनमक्स-पिन्स’ या फाईलमध्ये त्याचा मालक दिसतो. ९५० च्या ओळीत ३० दिसले तर निदान झाले. येथे एक मोह टाळा: मेमरीत थेट लिहिणाऱ्या साधनाने ही किंमत बदलायला जाऊ नका. या प्रोसेसरवर पॅडची रजिस्टरे केवळ कर्नलच्या विशेषाधिकारात लिहिता येतात. बाहेरून केलेले लिखाण कोणतीही त्रुटी न देता गिळले जाते, आणि आपण ‘लिहिले तर आहे’ या समजुतीत पुढे शोधत राहतो.

आता नियोजन. येथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण चार उपकरणे मावतील की नाही हे सोल्डरिंगच्या आधीच कागदावर कळते. ज्या उपकरणाला सर्वांत कमी जागा उपलब्ध आहेत, त्याला आधी बसवायचे. सीएएनला या हेडरवर दोनच घरे आहेत. सीएएन ० हा पी९-१९ आणि पी९-२० वर येतो, पण तेथे आय२सी २ आहे आणि केप-कार्डांवरील (बोर्डावर बसणाऱ्या जोडकार्डांवरील) ओळख सांगणारी ईईप्रॉम ही छोटी मेमरी त्यावरूनच वाचली जाते, म्हणून ते घर मी मोडत नाही. सीएएन १ हा मोड २ मध्ये पी९-२४ वर ग्रहण आणि पी९-२६ वर प्रेषण असा येतो. ही जागा सीएएनची ठरली की यूएआरटी १ गेला, कारण त्याचे घर तेच आहे. आरएस-४८५ साठी यूएआरटी ४ घ्या: मोड ६ मध्ये पी९-११ वर ग्रहण आणि पी९-१३ वर प्रेषण. उरले जीपीएस आणि एडीसी, आणि या दोघांचाच तंटा आहे. यूएआरटी ५ मोकळा दिसतो, पण त्याच्या पी८-३७ आणि पी८-३८ या पिना एलसीडीच्या ओळींवर आहेत, आणि त्या का टाळाव्यात ते पुढे सांगतो. म्हणून जीपीएसला पी९-२१ आणि पी९-२२ वरच राहू द्या आणि एडीसीला एसपीआय १ वर हलवा: मोड ३ मध्ये पी९-३१ वर क्लॉक, पी९-२९ आणि पी९-३० वर डेटा, पी९-२८ वर चिप-सिलेक्ट. यातील २८, २९ आणि ३१ या पिना एचडीएमआयच्या ध्वनीसाठी वापरात असतात. परंतु गाडीतील पेटीला पडदा जोडायचाच नसल्यामुळे लिनक्सच्या आधी चालणाऱ्या यू-बूटच्या सेटिंगच्या फाईलमधून एचडीएमआयचे चित्र आणि ध्वनी दोन्ही बंद केले की त्या मोकळ्या होतात.

हा तक्ता करताना पिनच्या नावांमुळे फार गोंधळ होतो. पी९-११ शोधायला डेटाशीटमध्ये गेलात तर तेथे त्या पायाचे नाव ‘जीपीएमसी वेट ०’ असे दिसेल, आणि यूएआरटीशी त्याचा काही संबंध असेल असे वाटणारही नाही. डेटाशीटमधील ते नाव केवळ मोड ० चे नाव असते. म्हणून माझ्या तक्त्यात प्रत्येक पिनसाठी चार रकाने असतात: हेडरवरील जागा, डेटाशीटमधील मोड ० चे नाव, रजिस्टरचा ऑफसेट आणि आपण निवडलेला मोड. जीपीआयओ असेल तर बँक आणि क्रमांकही लिहितो, उदाहरणार्थ पी९-१२ म्हणजे बँक १ मधील २८. ही चार नावे एकाच गोष्टीची आहेत हे एकदा कागदावर आले की निम्मा गोंधळ मिटतो.

हा तक्ता तयार झाला की तो स्वतःच्या डिव्हाइस-ट्री ओव्हरलेमध्ये (कोणते उपकरण कोणत्या पिनांवर आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाईलमध्ये) उतरवा आणि केप युनिव्हर्सल बंद करा. प्रत्येक उपकरणाच्या नोडने आपल्याच पिनांचा संच मागावा, स्क्रिप्टमधून एकही पिन बदलू नये. यानंतर उद्या एखाद्या सहकाऱ्याने एसपीआय ० पुन्हा चालू केला, तर त्या ड्रायव्हरला पिन मिळणार नाही आणि लॉगमध्ये कोणी कोणाची पिन मागितली ते लिहिलेले असेल. ती उणे २२ ची त्रुटी पाहून वैतागू नका. याच त्रुटीअभावी तुम्ही अडकला आहात.

मात्र पिनकंट्रोलच्या नोंदवहीला चिपच्या आतलेच कळते, बोर्डावरील तांबे कळत नाही. याचे उत्तम उदाहरण पी९-४१ आणि पी९-४२ या पिनांवर आहे. या दोन छिद्रांखाली प्रोसेसरचे प्रत्येकी दोन पाय एकत्र जोडलेले आहेत. त्यातील एक पाय वापरायचा तर दुसरा इनपुटवर ठेवावा लागतो, अन्यथा प्रोसेसरचे दोन पाय एकमेकांशीच झगडतात आणि कर्नलच्या दृष्टीने सर्व काही नियमानुसार असते. तसेच एकच इनपुट सिग्नल दोन पॅडवर निवडला तर काय होईल याची खात्री नसते, आणि तसे करू नये असे उत्पादक स्वतः सांगतो. एसपीआय १ चे क्लॉक पी९-४२ वरही मोड ४ मध्ये मिळते, आणि ते परत आत घेतले जाते हे आपण वर पाहिलेच. तेव्हा एडीसी पी९-३१ वर ठेवल्यावर पी९-४२ चुकूनही त्या मोडमध्ये राहू देऊ नका.

आता पी८ वरील ३१ ते ४६ या पिनांविषयी, कारण यांनी मला स्वतःला दोन दिवस चाकणला बसवून ठेवले होते. तेथील एका कारखान्यातील चाचणी-यंत्रावर आमचा बोर्ड कधी उठायचा, कधी उठायचाच नाही. वीजपुरवठा बदलला, मेमरी पुन्हा लिहिली, बोर्डही बदलला. शेवटी लक्षात आले की यंत्राचे दार बंद असताना वीज दिली तर बोर्ड उठत नाही, आणि दार उघडे असताना दिली तर उठतो. दाराचा स्विच पी८-४३ वर आणलेला होता. एलसीडीच्या या १६ डेटा-ओळी वीज येताच प्रोसेसर एकदा वाचतो आणि कोठून सुरू व्हायचे ते त्यावरून ठरवतो. त्यांच्यावर १०० किलोओहमचे हलके रेझिस्टर असतात, म्हणून बाहेरचा कोणताही स्विच त्यांना सहज हरवतो. बोर्डावरील बूटचे बटन दाबले की हीच पी८-४३ ची ओळ खाली ओढली जाते, आणि मग शोधाच्या क्रमातून आतली ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरची साठवणुकीची मेमरी, वगळली जाते. दार बंद म्हणजे बटन दाबलेले, आणि कार्ड घातलेले नाही, म्हणून बोर्ड सिरीयल कन्सोलवर ‘सी सी सी’ अशी अक्षरे पाठवत बसत असे. ती अक्षरे पहिल्याच दिवशी पाहिली असती तर दुसरा दिवस वाचला असता. पिनचा मोड पुढे काहीही असो, वीज येतानाच्या त्या क्षणी तिचे काम वेगळेच असते. तुमची पेटी गाडीच्या किल्लीबरोबर रोज अनेकदा चालू-बंद होणार आहे, म्हणून या १६ पिनांवर काहीही न लावणे सर्वांत सुरक्षित.

वीज आल्यापासून ओव्हरले लागू होईपर्यंतचा काळही विसरू नका. त्या काही सेकंदांत प्रत्येक पॅड आपल्या मूळ अवस्थेत असतो, आणि तेथील आतला पुल प्रत्येक पायाचा वेगळा असतो. डेटाशीटमध्ये त्याचा स्वतंत्र रकाना आहे. आरएस-४८५ च्या चिपचा दिशा ठरवणारा पाय या काळात वर गेला तर तुमची पेटी साऱ्या तारेवर हक्क सांगून बसेल आणि शीतयंत्राच्या नियंत्रकाला बोलताच येणार नाही. त्या पायाला बाहेरून १० किलोओहमने ग्राउंडकडे ओढून ठेवा. तसेच पी९-१० वरील रिसेटची ओळ वर जाईपर्यंत कोणत्याही पिनवर बाहेरून व्होल्टेज येता कामा नये. म्हणून सीएएन, आरएस-४८५ आणि जीपीएस यांचा पुरवठा बोर्डाच्याच ३.३ व्होल्टवरून घ्या, गाडीच्या बॅटरीवरून बनवलेल्या वेगळ्या ५ व्होल्टवरून नको. या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत, हे सीएएनची चिप निवडतानाही लक्षात असू द्या.

कार्डे पुन्हा बसवण्याआधी एक साधी चाचणी करा. काहीही न जोडता प्रत्येक ठरवलेली पिन मोड ७ मध्ये इनपुट करा, पुल वर लावून मल्टिमीटरने सुमारे ३.३ व्होल्ट येतात का पाहा, मग पुल खाली लावून शून्य येते का पाहा. दोन्ही मिळाले तर छिद्र, पाय आणि रजिस्टर यांची सांगड बरोबर आहे. त्यानंतर ओव्हरले लावा आणि ९५० च्या ओळीत ३१ आहे याची खात्री करून मगच जीपीएस जोडा.

रास्पबेरी पायविषयी. तेथेही हीच व्यवस्था आहे, फक्त रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर प्रत्येक पिनला इनपुट, आउटपुट आणि पर्याय ० ते ५ अशा निवडी असतात. जीपीआयओ १४ आणि १५ वर पर्याय ० मध्ये पूर्ण क्षमतेचा यूएआरटी मिळतो आणि पर्याय ५ मध्ये छोटा यूएआरटी. रास्पबेरी पाय ३ वर पहिला ब्लूटूथकडे गेलेला असल्यामुळे हेडरवर छोटा येतो, आणि त्याचा वेग चिपच्या मूळ क्लॉकबरोबर बदलतो. जीपीआयओ १२ आणि १८ वर पीडब्ल्यूएम मिळतो, पण दोन्हींवर एकच वाहिनी असल्यामुळे वेगवेगळे संकेत देता येत नाहीत. रास्पबेरी पाय ४ वर जास्तीचे यूएआरटी आहेत, पण त्यातील यूएआरटी ४ हा जीपीआयओ ८ आणि ९ वर येतो आणि त्या पिना एसपीआय ० च्या आहेत, म्हणजे तुमचा आजचा तंटा तेथेही वाट पाहत आहे. शिवाय रास्पबेरी पायच्या प्रोसेसरमध्ये सीएएन नाही. त्यासाठी एसपीआयवर एमसीपी२५१५ सारखी वेगळी चिप लावावी लागते आणि एडीसीबरोबर तीही त्याच एसपीआयवर येते. तुमच्या पेटीला सीएएन हवेच आहे, त्यामुळे वरील मांडणीसह बीगलबोनवरच राहा, आणि उद्या एडीसीच्या कार्डावरील चार तारा पी९-२८ ते पी९-३१ वर हलवून सुरुवात करा.